लोकरीचे कपडे का आटतात?

थंडीचे दिवस सरत आले की घरोघरी एक काम निघते. स्वेटर, मफलर, कानटोप्या, पायमोजे, तान्ह्या बाळाची झबली-टोपडी हे सारे धुऊन, वाळवून पुन्हा ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात जायचे असते. आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरी तोच प्रकार घडतो. मामांचा स्वेटर बादलीत जातो आणि भाच्याचा होऊन बाहेर येतो! तो नुसता लहान झालेला नसतो. जाड झालेला असतो, ताठ झालेला असतो, आणि विणीचे टाके बघू गेले तर दिसत नाहीत. विकतचा असला तर पैसे गेले, एवढ्यावर भागते. पण एखाद्या आजीने डोळे अधू होत चालले असताना दोन महिने खपून विणलेला असेल, तर तो पुन्हा कोठून आणायचा?

अशा वेळी घरातला पहिला राग धुणाऱ्यावर निघतो. कधी ती घरची सून असते, कधी धुण्याभांड्याला येणारी बाई. "अहो, जरा नीट धुवायचा होता!" असे तिला ऐकवले जाते. वास्तविक तिने तो नीटच धुतलेला असतो. भरपूर साबण लावलेला असतो, पाणी चांगले कढत घेतलेले असते, कॉलर आणि बाह्या घासलेल्या असतात, शेवटी घट्ट पिळून उन्हात दोरीवर टाकलेला असतो. सुती सदऱ्याला हे सगळे केले असते तर शाबासकी मिळाली असती. लोकरीला केले म्हणून बोलणी बसली. तिला कोणी सांगितलेच नव्हते की लोकरीचे शास्त्र निराळे आहे. हे शास्त्र फार अवघड नाही. पण ते कळल्यावाचून नुसत्या सूचना पाठ करून उपयोग होत नाही, म्हणून आधी कारण पाहू आणि मग धुण्याकडे वळू.

आपला देश कापसाचा. धुण्याचे आपले सगळे हातवारे कापसाने शिकवलेले आहेत. कापूस ही वनस्पतीची चीज आहे आणि तिचा एक गुण असा, की ओली झाली म्हणजे ती कोरडीपेक्षा मजबूत होते. म्हणूनच नदीकाठच्या दगडावर आपटले, सोडा घालून भट्टीत उकळले, दोघांनी दोन टोके धरून पिळले, तरी धोतर टिकते. लोकर हा प्राण्याचा केस. तुमच्याआमच्या केसांत आणि नखांत जे प्रथिन असते, केराटिन म्हणतात ते, त्याच जातीचे प्रथिन लोकरीत असते. ओली झाली की ती कमजोर होते आणि सैल पडते. म्हणजे कापूस जेथे कणखर होतो, नेमकी तेथेच लोकर हळवी होते. सुती कपड्यावर तयार झालेला हात लोकरीवर चालवला की घोटाळा व्हायचाच.

आता हा केस भिंगाखाली पाहू. मेरिनो जातीच्या मेंढीचा केस साधारण २० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. त्याच्या पृष्ठभागावर घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले बारीक खवले असतात. कौलांची उघडी कड जशी सगळी वळचणीकडे असते, तशी या खवल्यांची कड सगळी केसाच्या टोकाकडे असते. त्यामुळे मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर केस गुळगुळीत, आणि उलट फिरवले तर खरखरीत. माणसाच्या केसालाही असेच खवले असतात, म्हणून याची प्रचीती घरबसल्या घेता येते. डोक्याचा एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरा आणि दोन्ही बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने एकमेकांवर मागेपुढे चोळा. केस जागच्या जागी राहत नाही. तो चालू लागतो, आणि चालतो तो नेहमी मुळाच्या दिशेने. उलटा धरलात तर उलट्या बाजूला, पण पुन्हा मुळाकडेच. बोटे दोन्हीकडे सारखीच हलत असतात. केसाला मात्र एकाच बाजूने वाट मोकळी असते, दुसऱ्या बाजूने खवले अडतात.

स्वेटरच्या एका धाग्यात असे पुष्कळ केस असतात, काहींची मुळे इकडे, काहींची तिकडे. कपडा ओला असताना तुम्ही तो चोळलात, आपटलात, पिळलात की प्रत्येक केस आपापल्या मुळाकडे थोडा थोडा सरकतो. सरकलेला मागे येऊ शकत नाही, कारण मागे खवल्यांची अडसर लागलेली असते. पुन्हा दाबले की आणखी पुढे. असे होता होता सारे केस एकमेकांत गुंतून बसतात, धागा आखूड होतो, टाक्यांमधली मोकळी जागा भरून जाते आणि कपडा जाड व लहान होतो. लोकरीचे आटणे म्हणतात ते हेच.

भाषेच्या शिक्षकाला येथे थोडे थांबावेसे वाटते. 'आटणे' हे क्रियापद आपण दुधालाही लावतो आणि कापडालाही. पण दूध आटते ते त्यातले पाणी निघून गेल्यामुळे. लोकरीचा कपडा आटतो तेव्हा त्यातून काहीच निघून गेलेले नसते. तराजूत घातला तर तो पूर्वीइतकाच भरेल. केस तेवढेच आहेत, फक्त दाटीवाटीने बसले आहेत. म्हणून दुधाचे आटणे आणि स्वेटरचे आटणे या दोन निराळ्या गोष्टी समजाव्यात.

यावर कोणी चौकस मुलगा विचारील, "मग पावसात भिजून मेंढी का आटत नाही?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मेंढीच्या अंगावर प्रत्येक केसाचे मूळ कातडीत पक्के रोवलेले असते, तेव्हा मुळाकडे सरकायला वावच नाही. शिवाय सगळे केस एकाच दिशेने वाढलेले असतात आणि त्यांवर लोकरीच्या चरबीचा मुलामा असतो. आणि मुख्य म्हणजे मेंढीला कोणी दगडावर घासत नाही.

या शेवटच्या गोष्टीवर मला जोर द्यायचा आहे, कारण आपल्याकडे सर्वसाधारण समजूत अशी आहे की लोकर गरम पाण्याने आटते. ही समजूत अर्धीच खरी. रंगारी लोक लोकरीच्या लडी रंगाच्या पाण्यात जवळजवळ उकळीपर्यंत नेतात आणि तासभर तशा ठेवतात. तरी त्या आटून गोळा होत नाहीत, कारण ते त्या फार हलवत नाहीत. उलट गार पाण्यात जरी स्वेटर खसाखसा चोळलात तरी तो आटेल. पाणी, साबण आणि ऊब या तिघी मदतनीस आहेत. पाण्याने व उबेने केस लवचीक होतो, साबणाने निसरडा होतो. पण मुख्य काम करते ती हालचाल. ती टाळली की बाकीच्यांचे फारसे चालत नाही. तेव्हा 'पाणी गरम होते का?' या प्रश्नाआधी 'चोळले किती?' हा प्रश्न विचारावा.

हा सारा विषय घरगुती वाटला तरी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यावर डोके चालवले आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे लोकर-उद्योगाची एक संशोधन संस्था होती. तेथे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे दोघे लोकरीच्या प्रथिनातील घटक वेगळे कसे करावेत या खटपटीत होते. त्यातून त्यांनी १९४१ साली क्रोमॅटोग्राफीची एक नवी रीत शोधून काढली आणि १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. लोकर एकमेकांत गुंतून घट्ट का होते, याचाही अभ्यास मार्टिन यांनी केला होता.

आणि जो गुण आपल्या स्वेटरला मारक ठरतो, त्यावर कित्येक कारागिरांची पोटे भरत आली आहेत. काश्मीरचा नमदा घ्या. तो विणलेला नसतोच. लोकर पिंजून थरावर थर पसरतात, त्यावर साबणाचे पाणी शिंपडतात, चटईत गुंडाळतात आणि हातापायांनी दाबत लोळवत राहतात. थोड्या वेळाने सुट्या केसांचे एकसंध जाड कापड होते. ज्या कृतीने स्वेटरचा सत्यानाश होतो, तीच ही कृती! युरोपात विणलेल्या लोकरी कापडावर पाणचक्कीचे हातोडे चालवून ते मुद्दाम आटवीत, म्हणजे वारा-पाऊस आत शिरू नये. बनात म्हणतो ती याच कुळातली. पेटीच्या पट्ट्यांखाली खटखट होऊ नये म्हणून जो मऊ तुकडा चिकटवतात, तोही याच गोतावळ्यातला.

आपल्या सणगरांनी हातमागावर विणलेली घोंगडीही पावसापाण्यात वापरून वापरून दाट होत जाते, आणि मेंढरांमागे हिंडणारा धनगर तिची खोळ करून भर पावसात उभा राहतो. पण येथे एक फरक आहे. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि राठ. भरड केस बारीक केसाइतका चटकन गुंतत नाही. म्हणून घोंगडीने जे धसमुसळेपण सोसले ते मेरिनोचा मऊ स्वेटर सोसणार नाही. कपडा जितका मऊ आणि वीण जितकी सैल, तितकी जोखीम जास्त. सैल विणीत केसांना हिंडायला जागा मोकळी असते ना!

पायमोज्यांची गोष्ट तर याहून मजेची. लोकरीचा मोजा आटतो तो पुष्कळदा बादलीत नव्हे, बुटातच! घामाचा ओलावा, पायाची ऊब आणि प्रत्येक पावलाला होणारे घर्षण, तिन्ही गोष्टी एके ठिकाणी जमलेल्या. म्हणून जुन्या मोज्याची टाच आणि चवडा पाहावा, तेथली वीण दिसेनाशी होऊन बूच बसल्यासारखा भाग तयार झालेला असतो. मनाली-लाहौलकडे सहलीला गेलेली आपली मंडळी तिकडचे नक्षीदार हातविणीचे मोजे हौसेने आणतात, आणि गिर्यारोहणाला जाणारी मुले हल्ली मेरिनोचे महाग मोजे घेतात. त्यांना सांगणे इतकेच, की तोच जोड रोज घालू नये. दोन जोड आलटून पालटून वापरावेत, काढल्यावर उलटे करून वाऱ्यावर टाकावेत, आणि धुताना उलटेच धुवावेत. घाण आतल्या बाजूला असते, ती घासल्याशिवाय निघेल.

धुण्याआधी एक खात्री करून घ्यावी. दुकानात आपण 'लोकर' म्हणून जे गुंडे आणतो त्यातले पुष्कळसे अ‍ॅक्रिलिकचे असतात, म्हणजे रासायनिक धाग्याचे. मेंढीचा त्याच्याशी काही संबंध नाही. हा धागा असा गुंतून आटत नाही. मात्र गरम पाण्याने व इस्त्रीने लोळागोळा होऊन लांबतो. लेबल नसेल तर आतल्या शिवणीतला एखादा धागा काढून चिमट्यात धरावा आणि काडीने पेटवावा. खरी लोकर अनिच्छेने जळते, ज्योत काढली की विझते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटाने चुरडता येते. अ‍ॅक्रिलिक भडकून जळते, वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. हा प्रयोग मोरीत किंवा वॉशबेसिनपाशी करावा, मुलांना दूर ठेवून.

आता प्रत्यक्ष धुणे. स्वेटर कोरडा असताना जुन्या चादरीवर पसरावा आणि भोवती पेन्सिलीने त्याची आकृती काढून ठेवावी. याचा उपयोग पुढे आहे. मग बादलीपेक्षा पसरट घमेले बरे, त्यात कपडा मोकळा बुडेल इतके पाणी घ्यावे. सगळीकडे 'कोमट पाणी' असे लिहिलेले असते आणि तेथेच फसगत होते. आपल्याला अंघोळीला जे कोमट वाटते ते लोकरीला गरम झाले. ३० अंश सेल्सियसच्या आसपास पाणी हवे, आणि आपल्या अंगाची ऊब ३७ अंश असते. म्हणजे हात घातल्यावर ते पाणी ऊन लागता कामा नये, किंचित गारच वाटले पाहिजे. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणीसुद्धा कधी कधी यापेक्षा गरम असते. शिवाय धुण्याचे आणि खळबळण्याचे पाणी एकाच उबेचे घ्यावे. एकदा गरम, एकदा गार असे करू नये.

साबण कोणता? धुण्याचा सोडा आणि नेहमीची कपड्याची पावडर लोकरीजवळ आणू नये. ही पावडर पाण्यात क्षारधर्मी असते, आणि केसाचे प्रथिन क्षाराला भिते. प्रयोगशाळेत ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात लोकर टाकली तर ती काही मिनिटांत विरघळून जाते आणि कापूस तसाच शाबूत राहतो. मिश्र कापडात लोकर किती आहे ते याच रीतीने मोजतात. पावडर इतकी जहाल नसली तरी जात तीच. काही पावडरींत प्रथिने पचवणारी एन्झाइमे घातलेली असतात. ती रक्ताचे आणि दुधाचे डाग काढण्यास उत्तम, पण लोकर स्वतःच प्रथिन असल्याने तिलाही ती कुरतडतात. डाग काढण्याचे ब्लीच तर मुळीच नको. लोकरीसाठी म्हणून मिळणारे पातळ साबण चांगले असतात. ते नसेल तर केसांचा सौम्य शाम्पू घ्यावा, कारण लोकर म्हणजे केसच.

आणि आपला रिठा आहेच. रेशमी आणि गरम कपड्यांना रिठा लावण्याची जुनी चाल शास्त्राला धरून आहे. रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि ते लोकरीला मानवते. आठदहा रिठे फोडून बिया काढाव्यात, साले रात्रभर भिजत घालावीत, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळून ते पाणी वापरावे. मात्र पांढऱ्या लोकरीवर त्याची पिवळसर झाक येऊ शकते, तेव्हा ते रंगीत कपड्यांसाठीच ठेवावे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी असेल तर साध्या साबणाचा चिकट साका केसांत अडकून बसतो. तेथे रिठा किंवा शाम्पू हाच मार्ग.

साबण आधी पाण्यात पूर्ण मिसळावा, मग कपडा बुडवावा आणि दहा मिनिटे स्वस्थ राहू द्यावा. मळ बराचसा आपोआप सुटतो. नंतर तळव्यांनी हळूहळू दाबावे आणि सोडावे. चोळणे नाही, ब्रश नाही, आपटणे तर नाहीच. कॉलरवर डाग असेल तर बोटाने साबण लावून नुसते थापटावे. पाणी बदलताना कपडा खांद्याला धरून उचलू नये. ओल्या लोकरीत पुष्कळ पाणी साठते आणि त्या वजनानेच स्वेटर गुडघ्यापर्यंत लोंबतो. खालून दोन्ही हातांचा आधार देऊन, नाहीतर चाळणीत घेऊन उचलावा. दोनतीन पाण्यांत साबण निघून गेला की शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातले तरी चालते. त्याने साबणाचा उरलासुरला क्षार मरतो.

मग पिळण्याचा मोह होतो, तो आवरावा. कोरड्या जाड टॉवेलवर कपडा पसरून टॉवेलसकट पोळीसारखी गुंडाळी करावी आणि वरून दाबावी. टॉवेल पाणी पिऊन घेतो. नंतर ती पेन्सिलीची आकृती काढलेली चादर घ्यावी, कपडा तिच्यावर पसरावा आणि ओला असतानाच हलक्या हाताने ओढून मापात बसवावा. सावलीत, आडवाच वाळवावा. उन्हाने लोकर पिवळी पडते. घरात सुंभाची बाज असेल तर तिच्यासारखी सोय नाही, वरून वारा आणि खालूनही वारा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात मात्र हा उद्योग करू नये. दोन दिवस ओला राहिलेला स्वेटर कुबट वासाचा होतो.

यंत्रात धुवावे की नाही, असे हल्ली सर्रास विचारतात. आधी लेबल पाहावे. घमेल्याच्या चित्रात हात दाखवला असेल तर हाताने धुवा, घमेल्यावर फुली असेल तर पाण्यात घालूच नका. यंत्रात चालेल असे लिहिलेली लोकर मिळते. तिच्या खवल्यांच्या कडा क्लोरिनने बोथट करून वर अतिसूक्ष्म लेप दिलेला असतो. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या कामातून आलेली ही पद्धत जगभर गाजली. तिच्या सांडपाण्यातले क्लोरिन हे दुखणे मात्र तिच्याबरोबर आले. अशा कपड्याला यंत्राचा 'वूल' हा क्रम चालतो, कारण त्यात पिंप जोराने घुसळत नाही. बाकी लोकरीला मी तरी यंत्र सुचवणार नाही. मधोमध घुसळणारा खांब असलेले यंत्र तर नकोच.

एवढा खटाटोप वारंवार करावा लागत नाही, हे लोकरीचे मोठेपण. ती हवेतली आणि घामाची वाफ स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी आत घेते, तरी हाताला ओली लागत नाही. रात्रभर खिडकीपाशी टांगली नव्हे, पसरून ठेवली की वास जातो. स्वेटर हंगामात एकदोनदा धुतला तरी पुरे. पण ठेवणीत टाकण्यापूर्वी मात्र धुवावाच. कसर लागते ती घामाचे, खाण्याचे डाग असलेल्या भागाला आधी. डांबराच्या गोळ्यांचा भरवसा मी कमी धरतो, आणि तान्ह्या मुलांच्या कपड्यांत तर त्या घालूच नयेत, त्यांच्या वाफेने काही बालकांच्या रक्तावर विपरीत परिणाम होतो. स्वच्छ धुतलेला, पूर्ण वाळलेला कपडा घट्ट बांधलेल्या पिशवीत ठेवणे यासारखा उपाय नाही.

राहिला प्रश्न आटून गेलेल्या कपड्याचा. येथे दोन प्रकार ओळखावेत. नवा कपडा पहिल्याच धुण्यात थोडा आखूड झाला, पण वीण स्वच्छ दिसते आहे आणि कापड मऊ आहे, तर तो कारखान्यात ताणून बसवलेला धागा सैल होऊन मूळ जागी आला एवढेच. पुन्हा ओला करून मापात ओढला, टाचण्या लावून वाळवला की तो बराचसा ताळ्यावर येतो. पण टाके दिसेनासे झाले असतील, कापड जाड आणि ताठ झाले असेल, तर केस गुंतले आहेत. केसांचे कंडिशनर लावून ओढल्याने थोडी सैल पडते म्हणतात आणि ती पडतेही, पण गेलेला स्वेटर त्याने परत येत नाही. मात्र असे कापड कात्रीने कसेही कापले तरी त्याची वीण उसवत नाही. त्याची चपलांच्या आतली तळी होतात, गरम पातेली उचलायच्या चिंध्या होतात, देवापुढचे आसन होते, आणि आटलेल्या दोन बाह्यांची लहान मुलाची एक उत्तम कानटोपी निघते.